चार्ल्स रोल्स : बत्तिसाव्या वर्षी संपलेले उड्डाण

रोल्स-रॉईस हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. संस्थानिकांच्या मोटारींच्या कथांतून, जुन्या चित्रपटांतून आणि अलीकडे प्रवासी विमानांच्या इंजिनांवरील चिन्हातून ते आपल्या परिचयाचे झाले आहे. ऐश्वर्य आणि निर्दोष कारागिरी यांचा तो जणू समानार्थी शब्दच. या जोडनावातील हेन्री रॉईस यांना सत्तर वर्षांचे आयुष्य लाभले. चार्ल्स रोल्स मात्र कंपनी स्थापन झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. ज्या मोटारींनी त्यांना कीर्ती दिली त्यांपैकी एकीनेही त्यांचा घात केला नाही. १२ जुलै १९१० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ येथे, हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, स्वतःचे छोटे विमान उतरवत असताना त्यांचा मृत्यू झाला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात प्राण गमावणारे ते पहिले ब्रिटिश नागरिक ठरले.

चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्स यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७७ रोजी लंडनमध्ये झाला. वेल्सच्या सीमेवरील मॉनमथ या गावाजवळ हेंड्रे नावाचा त्यांच्या घराण्याचा मोठा वाडा होता. वडील पुढे लॉर्ड लँगॅटक या किताबाचे धनी झाले. चार्ल्स हे त्यांचे तिसरे पुत्र. जमीनजुमला, शिकार आणि राजकारण हा उमराव घराण्यांतील मुलांचा नेहमीचा मार्ग. पण या मुलाचे मन यंत्रांत रमले. ईटनच्या प्रतिष्ठित शाळेत त्यांचे हात कायम तेलाने माखलेले असत आणि त्यावरून सोबती त्यांची थट्टा करीत. घरी सुटीत आल्यावर वाड्यात विजेची तारजोडणी करण्याचा उद्योगही त्यांनी केला. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले.

विद्यार्थिदशेतच, १८९६ साली, त्यांनी पॅरिसला जाऊन प्यूजो कंपनीची मोटार विकत घेतली. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर यंत्रवाहनाला ताशी चार मैलांची मर्यादा होती. ती मर्यादा त्याच वर्षाच्या अखेरीस वाढली आणि इंग्लंडमध्ये मोटारयुगाला खऱ्या अर्थाने आरंभ झाला. रोल्स त्या युगाच्या पहिल्या फळीत होते. १९०० साली झालेल्या एक हजार मैलांच्या चाचणी-प्रवासात त्यांनी पानार मोटार चालवून सर्वोत्तम कामगिरी केली. पुढे वडिलांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी लंडनमध्ये मोटारविक्रीचा व्यवसाय थाटला आणि फ्रान्स-बेल्जियममधून गाड्या आणून विकण्यास सुरुवात केली.

परदेशी गाड्या विकताना त्यांना एक खंत सलत असे. तोडीस तोड अशी इंग्रजी मोटार त्यांना मिळत नव्हती. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात हेन्री रॉईस यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि ती खंत दूर झाली. रॉईस गरिबीतून वर आलेले, अत्यंत काटेकोर अभियंते. जो भाग मनासारखा झाला नाही तो पुन्हा घडवायचा, जो तुटण्याचा संभव आहे तो तुटण्याआधीच बदलायचा, ही त्यांची रीत. त्यांनी बनवलेली दोन सिलिंडरची लहानशी गाडी चालवून पाहताच रोल्स यांनी ठरवून टाकले की, या माणसाने बनवलेली प्रत्येक गाडी आपण विकायची. वर्षअखेरीस तसा करार झाला आणि मार्च १९०६मध्ये रोल्स-रॉईस लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील टुरिस्ट ट्रॉफी शर्यत रोल्स यांनी स्वतः गाडी चालवून जिंकली. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर होता. पुढच्या वर्षी कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीने तेवीस हजार किलोमीटरहून अधिक अंतराची चाचणी पार पाडून टिकाऊपणाचा नवा मानदंड घालून दिला.

या यशाचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर, सह्याद्रीच्या घाटांतून, मोटारींची चाचणी-शर्यत झाली. तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस विजयी ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांच्या मनात या मोटारीने जे घर केले, त्याच्या मुळाशी घाटांतली ही परीक्षा होती.

एव्हाना रोल्स यांचे स्वतःचे लक्ष मात्र रस्त्यावरून आकाशाकडे वळले होते. त्याची सुरुवात वायुफुग्यांपासून झाली. सप्टेंबर १९०१मध्ये फ्रँक हेजेस बटलर आणि त्यांची कन्या व्हेरा यांच्यासमवेत केलेल्या एका फुग्यातील सफरीत ब्रिटनच्या एरो क्लबची कल्पना जन्मली. हाच क्लब पुढे रॉयल एरो क्लब झाला. रोल्स यांनी आयुष्यात १७०हून अधिक वेळा फुग्यातून आरोहण केले. १९०६ साली पॅरिसहून सुटलेल्या गॉर्डन बेनेट स्पर्धेत त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले.

विमानाने त्यांना पुरते झपाटले ते १९०८च्या शरद ऋतूत. विल्बर राईट तेव्हा फ्रान्समध्ये ल मान्सजवळ आपल्या विमानाची प्रात्यक्षिके दाखवत होते. ८ ऑक्टोबर रोजी रोल्स त्यांच्यासोबत प्रवासी म्हणून उडाले. येथे एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, १७ सप्टेंबर रोजी, अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राईट यांचे विमान कोसळून त्यांचे सहप्रवासी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले होते. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला तो जगातला पहिला मृत्यू. पंख्याच्या पात्याला तडा गेला, त्याचा आघात शेपटीकडे जाणाऱ्या तारेवर झाला आणि विमान ताब्यातून सुटले. विमानाचा मागचा भाग किती नाजूक आहे, हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळले होते. रोल्स यांच्याही वाचनात ते आले असणारच. तरीही ते विमानात बसले. याला केवळ बेफिकिरी म्हणता येणार नाही. त्या पिढीतील प्रत्येक वैमानिक असाच हिशेब करूनच उडत असे.

रोल्स यांनी शिक्षणाची शिडी मात्र वगळली नाही. त्यांनी आधी शॉर्ट बंधूंकडून इंजिनाविना उडणारे ग्लायडर बनवून घेतले आणि त्यावर हात बसवला. मग शॉर्ट बंधूंनी परवान्याने बांधलेल्या राईट विमानांपैकी एक त्यांनी घेतले. मार्च १९१०मध्ये रॉयल एरो क्लबचे दुसऱ्या क्रमांकाचे वैमानिक प्रमाणपत्र त्यांना मिळाले. या काळात त्यांनी दोनशेहून अधिक उड्डाणे केली. रॉईस यांनी विमानाचे इंजिन बनवावे, असा त्यांचा आग्रह होता. पण रॉईस त्यास राजी नव्हते. अखेर रोल्स कंपनीच्या दैनंदिन जबाबदारीतून बाहेर पडले आणि आपला बहुतेक वेळ विमानाला देऊ लागले.

२ जून १९१० हा त्यांच्या जीवनातील सर्वोच्च दिवस. लुई ब्लेरिओ यांनी इंग्लिश खाडी आदल्या वर्षीच ओलांडली होती, पण ती एका दिशेने. रोल्स यांनी सायंकाळी डोव्हरहून उड्डाण केले, फ्रान्सचा किनारा गाठला, तेथील एरो क्लबसाठी संदेश खाली टाकले आणि न उतरता मागे फिरून ते डोव्हरला परतले. हा सारा प्रवास त्यांनी ९५ मिनिटांत पुरा केला. खाडीचे दुहेरी उल्लंघन न थांबता करणारे ते पहिले वैमानिक. राजे पंचम जॉर्ज यांनी त्यांचे अभिनंदन केले आणि देशभर त्यांचा जयजयकार झाला.

यानंतर चाळीस दिवसांनी बोर्नमथचा प्रसंग घडला.

बोर्नमथ नगरीच्या शताब्दीनिमित्त तेथे विमानांचा मेळा भरला होता. दुसऱ्या दिवशी अचूक उतरण्याची स्पर्धा होती. मैदानावर आखलेल्या वर्तुळाच्या जितके मध्यभागी विमान उतरेल तितके गुण अधिक. वर्तुळ प्रेक्षागाराच्या समोर होते. त्या दिवशी वारा जोराचा होता आणि तो झोताझोताने येत होता.

अपघाताचे कारण समजण्यासाठी राईट विमानाची रचना पाहायला हवी. आजच्या विमानात नाक वर-खाली करणारे फळे शेपटीला असतात. मूळ राईट विमानात ते वैमानिकाच्या पुढे होते. मागे हलक्या लाकडी दांड्यांच्या आणि तारांच्या सांगाड्यावर केवळ उभे सुकाणू बसवलेले असे. हे विमान हवेत अस्थिर असे. वैमानिकाला ते क्षणोक्षणी सावरावे लागे. हा दोष कमी करण्यासाठी १९१०च्या सुमारास त्याला मागेही आडवे शेपूट जोडण्याचा प्रघात सुरू झाला. रोल्स बोर्नमथला जे विमान उडवत होते ते फ्रान्समध्ये बांधलेले होते आणि त्याला असे शेपूट काही दिवसांपूर्वीच बसवले होते. विमान अधिक सुरक्षित व्हावे, हाच त्या बदलाचा हेतू. पण मागच्या सांगाड्यावर त्यामुळे नवा भार आला. तो भार संथ हवेत वेगळा आणि वाऱ्याच्या झोतात, तीव्र उतरणीवरून विमान झटक्याने वर खेचताना वेगळा असतो.

रोल्स वर्तुळाच्या दिशेने उतरू लागले. उतार फार तीव्र झाला होता. तो सावरण्यासाठी त्यांनी विमानाचे नाक उचलले. त्याच क्षणी मागचा सांगाडा मोडला, शेपूट निखळले आणि विमान नाकावर आपटले. उंची फार नव्हती. अशा उंचीवरून पडून कित्येक वैमानिक त्या काळात किरकोळ दुखापतींवर बचावले होते. रोल्स यांच्या डोक्याला जबर आघात झाला आणि ते तेथेच गतप्राण झाले.

या घटनेला केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्या प्रत्येक दुव्याची सूचना आधी मिळून गेली होती. ग्लायडरचे आद्य प्रवर्तक ओटो लिलिएंथाल यांनी सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केले आणि ऑगस्ट १८९६मध्ये वाऱ्याच्या एका झोताने त्यांचा घात केला. त्यांचे ब्रिटिश अनुयायी पर्सी पिल्चर यांची कथा तर बोर्नमथची रंगीत तालीम वाटावी अशी आहे. ३० सप्टेंबर १८९९ रोजी पिल्चर आपले इंजिनाचे नवे विमान निमंत्रितांना दाखवणार होते. इंजिन बिघडले आणि हवामानही प्रतिकूल होते. जमलेल्या पाहुण्यांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी पावसात भिजलेले जुने ग्लायडर हवेत नेले. त्याचे शेपूट तुटले आणि दोन दिवसांनी पिल्चर वारले. त्यांचेही वय बत्तीसच होते. जानेवारी १९१०मध्ये फ्रेंच वैमानिक लेऑं दलाग्राँज यांनी आपल्या विमानाला मूळच्यापेक्षा अधिक शक्तीचे इंजिन बसवले होते. बोर्दोजवळ त्याचे पंख हवेतच मोडले आणि ते ठार झाले. विमानाचा एक भाग बदलला की बाकीच्या भागांवरचा भार बदलतो, हा धडा बोर्नमथच्या सहा महिने आधी लिहिला गेला होता.

मग रोल्स यांच्यासारखा कुशल, शिकलेला, यंत्राचा मर्मज्ञ माणूस त्या वाऱ्यात, त्या शेपटासह का उडाला? त्यांच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकत नाही. परिस्थिती मात्र आपल्यासमोर आहे. पाठीशी दोनशे यशस्वी उड्डाणे होती. खाडी दोनदा ओलांडल्याचा महिना नुकता सरला होता. समोर प्रेक्षक होते, स्पर्धा होती आणि इतर वैमानिकही हवेत जात होते. न उडण्याचा निर्णय घ्यायचा तर तो एकट्यानेच घ्यायचा होता. थांबा असे सांगण्याचा अधिकार असलेली कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती. प्रत्येक सुखरूप उतरणीने माणसाचे कौशल्य वाढते, पण त्याबरोबर धोक्याची जाणीवही थोडीथोडी झिजते. काल वाऱ्यात निभावले म्हणून आजही निभावेल, हा हिशेब वैमानिक नकळत करतो. वाऱ्याला आणि लाकडाच्या दांडीला मात्र कालचे काही ठाऊक नसते.

रॉईस यांच्या कारखान्यात एखादा नवा भाग तपासल्याविना ग्राहकाच्या गाडीत बसला नसता. रोल्स यांच्या नावाची सारी प्रतिष्ठा याच शिस्तीवर उभी होती. मोटारीबाबत जी खबरदारी त्यांच्या कंपनीने पाळली, ती त्यांच्या स्वतःच्या विमानाला मिळाली नाही, हा या चरित्रातला सर्वांत बोचरा भाग आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटनमध्ये विमान-सुरक्षेचा विचार हळूहळू गंभीरपणे होऊ लागला. १९१२ साली रॉयल एरो क्लबने अपघातांच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्स येथील अपघातावर तिने आपला पहिला अहवाल दिला. दोष कोणाचा यापेक्षा कारण काय याचा शोध घेण्याची पद्धत तेथून रुजत गेली. उड्डाणापूर्वी तपासणी-यादी वाचण्याची सवयही अशाच एका आघातातून आली. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले, कारण जमिनीवर असताना शेपटीचे फळे जखडून ठेवणारी कळ काढायची राहून गेली होती. चालवणारे वैमानिक अत्यंत अनुभवी होते. तेव्हापासून अनुभवी माणसाच्या स्मरणशक्तीवरही भिस्त ठेवायची नाही, असे ठरले.

दाबोळी किंवा मोपा येथून आपण मोठ्या विमानात बसतो, तेव्हा ही शंभर वर्षांची शिस्त आपल्यासोबत असते. दोन वैमानिक, देखभालीचे स्वतंत्र पथक, हवामानाची माहिती आणि उड्डाण रद्द करण्याचे स्पष्ट नियम असा सारा सरंजाम त्यामागे उभा असतो. छोट्या खासगी विमानात यातले बरेचसे ओझे एकाच माणसाच्या खांद्यावर येते. तोच अनेकदा मालक, तोच वैमानिक आणि जायचे की नाही हे ठरवणाराही तोच. पोहोचण्याची घाई त्याची स्वतःची असते, किंवा मागे बसलेल्या मान्यवरांची. म्हणूनच खासगी छोट्या विमानांच्या अपघातांचे प्रमाण प्रवासी विमानांच्या तुलनेत जगभर कितीतरी अधिक आहे, आणि त्यांच्या कारणांत तीच जुनी नावे पुन्हापुन्हा येतात : बिघडलेले हवामान, घाईची उतरण, कमी उंचीवरील कसरती, इंधनाचा चुकलेला अंदाज, न तपासलेली दुरुस्ती.

घाटातली शर्यत जिंकलेली रोल्स-रॉईस ज्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली, त्यांचेच नातू माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ छोटे खासगी विमान कोसळून सात सहप्रवाशांसह मृत्युमुखी पडले. दोन्ही घटनांची कारणे एक नाहीत आणि त्यांची तुलनाही करता येणार नाही. पण असे एक विमान पडले की किती घरांचा आणि किती मोठ्या समाजाचा आधार एका क्षणात हरपतो, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

रोल्स अविवाहित होते. मॉनमथजवळ लँगॅटक येथील गावच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. दोन वर्षांनी वडील गेले आणि १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोघे भाऊही वारले. घराण्याचा किताब तेथेच संपला. मॉनमथच्या चौकात रोल्स यांचा पुतळा आजही उभा आहे. त्यांनी मोटारींचा एवढा मोठा व्यवसाय उभा केला, पण पुतळ्याच्या हाती दिले आहे ते विमानाचे छोटे प्रतिरूप.

रोल्स जिवंत असताना ज्या गोष्टीला रॉईस राजी झाले नाहीत, ती युद्धाने घडवून आणली. रॉईस यांनी ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन तयार केले. जून १९१९मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक महासागर ओलांडला, तेव्हा त्यांच्या विमानाला अशी दोन इंजिने होती. रोल्स त्या वेळी हयात असते तर त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे असते.